मुलीच्या बापाची ओळख

‘तू केमिस्ट,’ भानुदासमामा मन्सूरच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘आणि तुम्ही लेबर ऑफिसर.’

मन्सूरनं टोपी डोक्यावर नीट बसवली. ‘मामा, केमिस्ट म्हंजे औषधाचं दुकान का?’

‘अरे बाबा, साखर कारखान्यातला केमिस्ट! गुजरातच्या कारखान्यातला. कुणी काही विचारलं तर नुसतं हसायचं. तोंड म्हणून उघडायचं नाही.’

‘हसायला तोंड उघडावंच लागतंय की ओ.’

मामांनी कपाळावर हात मारला आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली. मागच्या बाकड्यावर आम्हा दोघांच्या मध्ये जोतिराम बसला होता. कोरा पांढरा सदरा, नवी गांधी टोपी, हातात रुमालाचा बोळा. आज त्याच्या लेकीची सुपारी फुटायची होती आणि मुलीचा बाप म्हणून बैठकीत बसायला तो चालला होता. कुठून चालला होता, हे मात्र नवऱ्याकडच्या मंडळींना कळून चालणार नव्हतं.

आम्ही चाललो होतो व्यसनमुक्ती केंद्रातून. जयसिंगपूरच्या बाजूला एका जुन्या तंबाखूच्या वखारीत ते केंद्र होतं. व्यसन सोडवायला जागा मिळून मिळाली ती तंबाखूची, यावर आम्ही रोज हसायचो. दमट हवा पडली की भिंतींना अजून वास सुटायचा आणि निम्मी मंडळी भिंतीला नाक लावून उभी राहायची. लीलाताई कोरे म्हणून एक बाई ते चालवायच्या. नवरा दारूनं गेल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. पैसे पडत नव्हते, त्यामुळे आमच्यात सगळा भेळमिसळ माल होता. मन्सूर मिरजेचा सतारमेकर, हात कापायला लागले म्हणून सतारीला तार चढवता येईना. एक दातांचा डॉक्टर होता, त्याच्यापुढे तोंड उघडायला कुणी धजेना. एक कीर्तनकार होता, त्याचं आख्यान निम्म्यातच झोपायचं. आणि मी, प्रल्हाद हिंगमिरे, तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात पुकारा करणारा. सौद्याआधी आवाज खुलावा म्हणून एक घोट, सौद्यानंतर आवाज बसला म्हणून दुसरा, असं करत करत एक दिवस बायकोनंच मला वखारीच्या दारात आणून सोडलं. माल बघितला की एका नजरेत दर लावायची मला सवय. माणसांनाही मी तसाच दर लावायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो.

जोतिराम साखर कारखान्यात पॅनवर होता. उसाचा रस आटवून ज्या मोठ्या भांड्यात साखरेचा दाणा धरतात, त्या भांड्यावरचा तो माणूस. कामात हुशार, पण बोलायचं म्हटलं की मुका. प्यायला की बोलायचा आणि तेव्हा जे बोलायचा ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

आमच्याकडं रोज सकाळी फेरी व्हायची. जाजमावर सगळ्यांनी गोल बसायचं, मग एकेकानं उठायचं, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि सांगायचं, माझं नाव अमुक, मी दारूचा पेशंट आहे, आज मी प्यायलो नाही. आडनाव नाही, हुद्दा नाही, गाव नाही. त्यावर बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, ‘आम्ही सोबत आहोत!’ आणि त्याचं नाव घ्यायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण एवढं वाक्य बोलायला जोतिरामला काय कष्ट पडले होते! सुरुवातीला कितीतरी दिवस तो नुसता उठायचा, ओठ हलवायचा आणि घाम पुसत खाली बसायचा. मग एका सकाळी ते सगळं वाक्य एका दमात त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. त्या दिवसापासून रोज तसंच, न थांबता, आगगाडीसारखं. मध्ये थांबलं तर अडेल अशी त्याला भीती होती.

अशात घरून निरोप आला की वैजूचं, म्हणजे त्याच्या मुलीचं, वैजयंताचं जमलं. स्थळ इचलकरंजीचं, यंत्रमागवाले, तालेवार. जमवलं होतं बायकोच्या भावानं, म्हणजे या भानुदासमामांनी. ‘बाप कुठं आहे?’ या प्रश्नावर मामांनी ठोकून दिलं होतं की दाजी गुजरातला एका कारखान्यात हंगामासाठी गेलेत. केंद्रातून सुट्टी मिळायची, पण लीलाताईंचा नियम असा की पेशंटबरोबर दोन सोबती हवेत आणि त्यांनी त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. म्हणून आम्ही दोघे. आता आमचंही काहीतरी करणं मामांना भागच होतं, म्हणून एक केमिस्ट झाला आणि एक लेबर ऑफिसर.

जीप कृष्णेच्या पुलावर आली तेव्हा जोतिराम पहिल्यांदा बोलला.

‘प्रल्हाद, माझ्यामुळं मोडलं तर?’

‘का मोडंल? तू तोंड उघडूच नको. तुला ते जमतंय की.’

‘पोरगी माझ्याशी बोलत न्हाई. कालेजात होती तवापासनं. ते असू दे. पण तिचं माझ्यामुळं मोडलं तर मी...’ रुमालाचा बोळा त्यानं या हातातून त्या हातात घेतला.

मामा पुढून ओरडले, ‘दाजी, काय मोडत नाही! मी बोलणार, तुम्ही बसणार. बापानं नुसतं बसायचं असतं.’

वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या गावात पोहोचलो तर दारात मांडव, रांगोळी, आत तळणीचा वास. मला तर अंगात वारं भरल्यासारखं झालं. इतके महिने वखारीत आमटी-भात खाऊन माणसाला मांडव दिसला की काय होतं ते विचारू नका. जोतिरामची बायको, इंदूवहिनी, दारात आली. तिनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, जवळ येऊन हळूच श्वास घेतला आणि मग तिचे डोळे भरले. वास नव्हता. तिनं आमच्या हातात पाण्याचे तांबे दिले.

वैजू आतून आली. कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती. उंच, सावळी, जबड्याची ठेवण थेट बापाची. बापाकडं न बघता तिनं आईला सांगितलं, ‘आई, त्यांना म्हणावं गरम पाणी काढलंय. हातपाय धुवा म्हणावं.’ जोतिराम तिच्यापासून तीन हातांवर उभा होता. इंदूवहिनींनी निमूटपणे तेच वाक्य परत नवऱ्याला सांगितलं आणि तो ‘व्हय’ म्हणाला. आम्ही दोघे त्याच्या मागोमाग न्हाणीपर्यंत गेलो. न्हाणीच्या दारात दोन साहेब पहारा देतात हे बघून शेजारच्या म्हाताऱ्या फार बुचकळ्यात पडल्या.

मग पाहुणे आले. दोन गाड्या भरून. मुलाचे वडील सयाजीराव मोरबाळे म्हणजे भारदस्त प्रकरण, रेशमी जाकीट, बोटात अंगठ्या, आवाज असा की यंत्रमागाच्या खडखडाटातही ऐकू जावा. मी मनात दर लावून टाकला, एक नंबर माल. मुलगा सत्यजित, देखणा, थोडा अवघडलेला. मुलाची आई गप्प. आणि मुलाची आत्या, तिला सगळे अक्का म्हणत होते. सोयरीक खरी तिच्या हातात आहे, हे आल्या आल्याच कळलं, कारण तिनं बसायच्या आधी जाजमाचं टोक उचलून खाली बघितलं.

दोन्हीकडची मंडळी जाजमावर बसली. मध्ये ताट, ताटात हळदकुंकू, सुपारी, पितळी बत्ता. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग मागं फिरणं नाही. अक्का माझ्या समोरच होत्या.

‘गुजरातला असता होय तुम्ही?’

मी नुसतं हसलो.

‘बरं असतंय तिकडं. दारूबंदी हाय. माणसं सज्जन राहत्यात.’

‘हो ना,’ मामा लगबगीनं म्हणाले, ‘म्हणून तर दाजींनी गुजरातच निवडलं!’

मन्सूरला ठसका लागला. त्याच्या पाठीत मी दोन गुद्दे घातले. अक्कांनी मग त्याला विचारलं, ‘तुमचं काय असतं तिथं?’

‘मी हसतो,’ मन्सूर म्हणाला आणि हसला.

मामांचा घाम मला इथून दिसत होता. तेवढ्यात पेढ्याचं ताट फिरलं. सयाजीरावांनी एक घेतला, मग दुसरा, मग बोलता बोलता तिसरा. चौथ्याला बायकोनं त्यांचा हात हळूच खाली दाबला. श्रीमंताची जीभ गोड, एवढंच मला वाटलं. दारू सुटली की गोडासाठी जीव कसा तळमळतो हे मला ठाऊक होतं, वखारीत आम्ही गुळाच्या खड्यावरून भांडायचो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

‘मग, ओळखी होऊन जाऊ देत,’ अक्का म्हणाल्या. ‘आमच्याकडं रीत हाय. ज्यानं त्यानं उठून आपलं नाव आपण सांगायचं. मग सुपारी.’

नवऱ्याकडची मंडळी एकेक करून उठली. सयाजीरावांनी नाव-गाव सांगितलं आणि किती माग चालतात तेही सांगितलं. फेरी आमच्या बाजूला वळली. मामा उठून स्वतःची ओळख देऊन बसलेच नाहीत, उभ्याउभ्याच म्हणाले, ‘आणि हे मुलीचे वडील, जोतिराम खवरे, गुजरातला...’

‘तुम्ही बसा,’ अक्कांनी हात वर केला. ‘आल्यापासनं तुमीच बोलताय. मुलीच्या बापाला वाचा हाय का न्हाई? त्यांना बोलू दे की.’

मामा बसले आणि ताटातला बत्ता उचलून उगाच हातात फिरवायला लागले. जोतिराम उठला.

समोर गोलात बसलेली माणसं, खाली जाजम, सकाळची वेळ, सगळे डोळे त्याच्यावर आणि तो एकटा उभा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. कपाळावर घाम आला. आणि मग त्याचा उजवा हात उचलला गेला आणि छातीवर येऊन बसला.

‘माझं नाव जोतिराम, मी दारूचा पेशंट आहे, आज मी प्यायलो नाही.’

एका दमात. खणखणीत. मांडवाच्या बाहेर बैल बांधले होते, त्यांनी माना वळवल्या.

‘आम्ही सोबत आहोत, जोतिराम!’

हे कोण म्हणालं? मी म्हणालो. मी आणि मन्सूर, दोघेही, छाती फुगवून. शिंक आली तर माणूस काय विचार करून शिंकतो? रोज सकाळी ज्यावर जे म्हणायचं ते म्हटलं गेलं. आणि आमच्या आवाजात आवाज मिसळून, समोरच्या बाजूनं, मधल्या तक्क्यापासून, त्याच सुरात तिसरा आवाज उठला.

‘वेलकम, जोतिराम!’

मग जी शांतता पडली, तशी मी सौद्यात मोठा व्यापारी बुडाला तेव्हाही अनुभवली नव्हती. मामांच्या हातातला बत्ता ताटात पडला आणि खण्ण करून वाजला. इंदूवहिनींनी पदर तोंडात धरला. जोतिराम अजून उभाच होता, हात छातीवर, आणि आपण काय केलं ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं. त्या माणसाचा रंग मी उडताना बघितला. मी त्याचा दंड धरला.

अक्का उठल्या. ‘गुजरात म्हणं! सयाजी, ऊठ. दारुड्याच्या घरातली पोरगी आपल्याला नको. उठा रं सगळी.’

सगळे उठले. सयाजीराव उठले नाहीत.

‘सयाजी?’ अक्का थबकल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘आणि तू रं? तू मघाशी काय ओरडलास?’

‘कुठं काय अक्का. पाहुण्यांचं स्वागत केलं.’

‘त्यांच्या घरात येऊन तू त्यांचं स्वागत केलंस?’

सयाजीरावांनी जाकिटाचं बटण काढलं, परत लावलं. आणि आमचा मन्सूर! परमुलखात गाववाला भेटावा तसा त्याचा चेहरा फुलला होता. मामांनी डोळे वटारले, मी चिमटा काढला, पण तो कसला ऐकतोय. तो पुढं सरकला आणि म्हणाला, ‘साहेब, कुठल्या केंद्रात होता ओ तुम्ही?’

सयाजीरावांनी बायकोकडं बघितलं. तिनं मान खाली घातली आणि मग, थोड्या वेळानं, हलकेच हलवली. सांगा, असं.

‘डोंगरावरच्या,’ सयाजीराव म्हणाले.

‘म्हंजे लई भारीतलं?’

‘भारी कसलं. स्वतंत्र खोली, खिडकीतून दरी दिसायची. बरोबर एक जज्ज होता, दोन बिल्डर, एक विमान चालवणारा. सगळं इंग्रजीत चालायचं. सकाळी सूप द्यायचे.’ सूप म्हणताना त्यांनी तोंड वाकडं केलं. ‘तुमच्याकडं?’

‘आमटी-भात,’ मी म्हणालो. आता लपवून काय उपयोग होता? ‘आणि सतरंजी. जज्ज नाही, दातांचा डॉक्टर आहे एक. हा केमिस्ट नाही, सतारी करतो. मी लेबर ऑफिसर नाही, बेदाणा विकतो.’

‘पहिल्या आठवड्यात रात्री घाम यायचा का?’

‘सतरंज्या भिजायच्या.’

‘आमच्याकडं पण!’ सयाजीराव मांडीवर थाप मारून म्हणाले. ‘जज्जाची गादीसुद्धा!’ मांडवातल्या सगळ्यांचा त्यांना विसर पडला होता. ते उठले आणि जोतिरामच्या समोर जाऊन उभे राहिले. जोतिराम त्यांच्याकडं बघत होता, भाषा येत नसलेल्या मुलखात माणूस बघतो तसा. ‘खवरे, तुम्ही हे वाक्य अख्ख्या सोयऱ्यांसमोर बोललात. मला अजून सख्ख्या बहिणीसमोर बोलता आलं नाही हो.’

‘सयाजी,’ अक्कांचा आवाज बारीक झाला होता, ‘तू गुडघ्यासाठी गेला होतास ना रं बंगळूरला?’

‘गुडघा माझा चांगलाच होता, अक्का.’

कुणीतरी आधी फुसकन हसलं. मग मांडवातल्या बायका हसल्या, मग ड्रायव्हर, मग सगळेच. अक्का मट्कन खाली बसल्या आणि पाणी मागू लागल्या. सयाजीरावांनी जोतिरामला मिठी मारली. मला तर नाचावंसं वाटत होतं. मामांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी बत्ता उचलला आणि घोषणा केली, ‘मग आता काय! आपलं-तुपलं सगळं बाहेर आलं. फोडा सुपारी!’

‘थांबा.’

वैजू बोलली होती. बायकांच्या घोळक्यातून ती पुढं आली आणि ताटाजवळ उभी राहिली.

‘मामा, ठेवा ते खाली. मला एक विचारायचंय.’ ती सत्यजितकडं वळली. ‘तुम्ही?’

‘मी काय?’

‘तुम्ही घेता?’

‘अगं पोरी, असं विचारत्यात का?’ अक्का म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजातली जरब गेली होती. सत्यजितनं बापाकडं बघितलं, मग ताटाकडं. त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. मी म्हटलंच असतं.

‘घेतो,’ तो म्हणाला.

सयाजीरावांचा चेहरा पडला. ‘सत्या? कधीपासनं?’

‘तुम्ही गुडघ्यासाठी गेलात ना पप्पा, तेव्हापासून. कपाटात तुमच्या बाटल्या तशाच राहिल्या होत्या. मला वाटलं, बघू तरी यात काय आहे.’

आता कुणीच हसलं नाही. सयाजीराव तक्क्याला टेकून बसले, अंगठ्या घातलेले हात मांडीवर उताणे ठेवून. मघाशी मी लावलेला दर आठवून मला माझीच लाज वाटली. वैजूनं एक लांब श्वास घेतला. मग तिनं हात वर केला आणि जोतिरामकडं बोट केलं.

‘हे माझे वडील. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी जे केलंय घरात, ते मी विसरलेली नाही. पण आज, माझं लग्न मोडेल हे माहीत असून, सगळ्यांसमोर उभं राहून ते खरं बोलले. एवढं धाडस ज्याच्यात आहे त्याच्याच घरात मी जाईन.’

मी मन्सूरकडं बघितलं, तो डोळे पुसत होता. झालं ते सोन्यासारखं झालं होतं. जोतिरामनं फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्यात तर तो पटाईत. पण त्यानं माझा हात दंडावरून सोडवला.

‘वैजू,’ तो म्हणाला. ‘धाडस न्हाई गं ते. मी ठरवून न्हाई बोललो.’

‘म्हणजे?’

‘चुकून गेलं तोंडातनं. रोज सकाळी म्हणायची सवय. मला नाव-गाव सांगायचं हुतं, गुजरात सांगायचं हुतं. मामांनी पढवलंवतं तसं.’ त्यानं टोपी काढून हातात घेतली. ‘तू मला लई मोठं केलंस. मी तेवढा न्हाई.’

मी मनात म्हटलं, मेला! आता हा मेला! मामांनी डोळे मिटून घेतले. वैजूच्या ओठांचं टोक हललं, मला वाटलं आता रडणार. ती हसली. आधी थोडं, मग तोंडावर हात ठेवून, खांदे गदगदत, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

‘आप्पा,’ ती म्हणाली.

हा शब्द त्या घरात किती वर्षांनी ऐकू आला ते इंदूवहिनींकडं बघून कळलं. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या.

‘आप्पा, पूर्वी चुकूनसुद्धा तुमच्या तोंडातनं खरं निघत नव्हतं. आता चुकलात तरी खरंच निघतंय. मग झालं की!’

जोतिरामनं टोपीनं तोंड झाकून घेतलं. त्याचा आवाज फुटला तो मी वखारीतही कधी ऐकला नव्हता. वैजूनं त्याला खाली बसवलं आणि त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. अक्का आपल्या पदरानं स्वतःचे डोळे पुसत होत्या आणि ‘मला काय कळंना झालंय बाई’ असं शेजारणीला सांगत होत्या.

लग्नाचं काय झालं, हे सगळे विचारतात, म्हणून पुढचं आधीच सांगून टाकतो. सुपारी त्या दिवशी फुटली नाही. वैजूनं ती उचलून देव्हाऱ्यात ठेवली आणि सत्यजितला म्हणाली, तुम्ही सोडा, मी थांबते, सोडलीत की मीच बत्ता आणून देईन. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात तिनं तो आणून दिला. आज त्यांचा मुलगा कॉलेजात आहे. मधल्या काळात सत्यजित एकदा घसरला आणि परत उठला, तेही तिनं कुणापासून लपवलं नाही.

पण त्या दिवशी जेवणं झाली, गुलाबजाम सयाजीरावांनी आणि आम्ही मिळून संपवले आणि आम्ही जीपकडं निघालो, तर सत्यजित मागोमाग येऊन उभा राहिला.

‘मी येऊ का तुमच्याबरोबर? बघायला.’

सयाजीराव म्हणाले, ‘अरे, तुला डोंगरावर पाठवतो की. चांगली सोय आहे.’

‘नको पप्पा. मी यांच्याबरोबर जातो.’

सयाजीरावांनी स्वतःच जीपचं मागचं दार उघडून धरलं. सुपारीला आलेला नवरा मुलगा सासऱ्याबरोबर केंद्रात चाललाय, हे बघून मामा नुसतेच ‘सावकाश जावा’ म्हणाले. वैजू मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. जीप वळेपर्यंत जोतिराम मागं वळून हात हलवत होता, आणि तीही हलवत होती.

परतीच्या वाटेवर काय तो दंगा! मन्सूर गात होता, सत्यजित लाजत लाजत टाळ्या देत होता आणि तो मुका जोतिराम, तो तर थांबायलाच तयार नव्हता. ‘तिनं बोट केलं ना माझ्याकडं?’ ‘केलं.’ ‘सगळ्यांसमोर?’ ‘सगळ्यांसमोर.’ ‘आणि काय म्हणाली? परत सांग की.’ मी परत सांगितलं. पूल आला तरी तेच, उसाचे फड मागे पडले तरी तेच. माझा घसा बसला, तरी सांगताना मला कंटाळा आला नाही.

ऊन उतरताना वखारीपाशी पोहोचलो. लीलाताई फाटकात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. त्यांनी आधी जोतिरामला जवळ घेऊन वास घेतला, मग आम्हा दोघांचा. मग त्यांचं लक्ष सत्यजितकडं गेलं. भरजरी सदरा, कपाळाला कुंकू, पायात कोऱ्या मोजड्या.

‘हा कोण आणलात?’

आम्ही दोघांनी तोंड उघडायच्या आत जोतिराम पुढं झाला. त्यानं पोराच्या खांद्यावर हात टाकला.

‘ताई, माझा जावई हाय.’

‘लग्न झालं पण?’

‘न्हाई,’ जोतिराम म्हणाला. ‘आधी हे. मग ते.’